जर्सीवरचं नाव कोणाचं?

न्हावा-शेव्याहून निघालेला कंटेनर माणकोली नाक्यावर वळून दापोड्याच्या गोदामांकडे येतो, तेव्हा त्याच्या पत्र्यावर कधी कधी 'सीएमए सीजीएम' अशी ठसठशीत अक्षरं दिसतात. मार्सेयची ही जहाज कंपनी. दापोडे, वळ, गुंदवली, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यात असली परदेशी नावं इतकी झाली आहेत, की ती कोणी मान वर करून वाचत नाही. मुंबईची जकात चुकवायला हद्दीबाहेर माल उतरवण्याची सोय म्हणून इथल्या भातशेतांवर गोदामं उभी राहिली. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं वाढतच राहिली. आता २०२६ पासून कंटेनरवरचं हेच नाव फ्रान्समधल्या एका व्यावसायिक सायकल संघाच्या छातीवर आलं आहे. संघाचं पूर्ण नाव 'डेकॅथलॉन सीएमए सीजीएम'. यातल्या डेकॅथलॉनची ओळख ठाणे-कल्याणच्या वाचकाला करून द्यायला नको.

याच रस्त्याच्या टोकाला नाशिक महामार्ग आहे. सुट्टीच्या पहाटे ठाणे-डोंबिवलीकडचे हौशी सायकलवाले पडघा-शहापूरच्या दिशेनं निघतात. अंगाला घट्ट बसणाऱ्या जर्सी, डोक्यावर हेल्मेट, सायकल कधी कधी मोटरसायकलपेक्षा महाग. जर्सीवर युरोपातल्या संघांची नावं असतात. महाराष्ट्रातल्या संघाचं नाव मात्र नसतं, कारण घालायला तसा संघच नाही. घाट आपल्याकडे आहेत, जुनी आणि मानाची शर्यत आहे, पायांत दम असलेली मुलं सांगली-कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत आहेत. तरी पगार देऊन स्वार बाळगणारा, वर्षभर देशोदेशी शर्यतींना जाणारा आणि टिकलेला असा आपला एकही संघ डोळ्यांसमोर येत नाही. असं का, याचं उत्तर मला तरी पायांत सापडत नाही. ते पैशाच्या इतिहासात आहे.

आधी हा धंदा चालतो कसा ते पाहू. क्रिकेटच्या संघाला मैदान असतं, तिकीट असतं, प्रक्षेपणाच्या हक्कातला वाटा असतो. सायकल शर्यत सार्वजनिक रस्त्यावरून जाते. बघणारा कठड्यावर बसून फुकट बघतो. प्रक्षेपणाचा पैसा आयोजकाच्या खिशात पडतो. संघाकडे विकण्याजोगी वस्तू एकच उरते: स्वतःचं नाव. ते तो दोन-चार वर्षांच्या कराराने विकतो, करार संपला की दुसरं गिऱ्हाईक शोधतो.

आणि संघ लागतो तो वाऱ्यामुळे. पुढच्याच्या मागे चाकाला चाक लावून जाणाऱ्याची साधारण एक तृतीयांश मेहनत वाचते. म्हणून टूर द फ्रान्समध्ये एका संघाच्या आठ स्वारांपैकी सहा-सात जण पुढाऱ्यासाठी वारा खातात, मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबून आणतात, त्याची सायकल मोडली तर आपली काढून देतात. हे संघातले माथाडी. मालावर त्यांचं नाव नसतं, पण त्यांच्याशिवाय माल हलत नाही. हरण्यासाठीच ज्याला नेमलं आहे, त्याला बक्षिसाच्या आशेवर ठेवता येत नाही. त्याला महिन्याचा पगारच द्यावा लागतो. व्यावसायिक संघ मुळात ही पगाराची व्यवस्था आहे, बाकी सगळं तिच्या भोवती आलं.

सुरुवातीला हा पगार सायकल कंपन्यांनी दिला. १९०३ साली 'लोतो' या क्रीडा दैनिकानं खप वाढवायला टूर द फ्रान्स काढली, लहानपणी धुराडी साफ करणारा मोरिस गारँ जिंकला, आणि कारखानदारांना कळलं की जिंकणाऱ्याची सायकल दुकानात खपते. मग आल्सियाँ, पेजो, इटलीत बियांकी, लेन्यानो. या कंपन्यांचा जोर एवढा वाढला की १९२९ साली आल्सियाँचा मोरिस डी वाल आजारी असूनही सहकाऱ्यांनी ओढून-ढकलून विजयापर्यंत नेला. आयोजक आंरी देग्रांज खवळला. पुढच्या वर्षी त्यानं कंपन्यांना हाकलून देशांचे संघ आणले. तीसेक वर्षं तसंच चाललं, १९६२ मध्ये कंपन्या परत आल्या.

दरम्यान खरी उलथापालथ इटलीत झाली, आणि तिचा संबंध आपल्या पुण्याशीही लागतो. महायुद्धानंतर पियाज्योची व्हेस्पा रस्त्यावर आली. माणूस कामाला स्कूटरवर जाऊ लागला, सायकलींचा खप घसरला, कंपन्यांना संघ पोसणं परवडेना. तेव्हा फियोरेंत्सो मान्यी या मुरलेल्या स्वारानं १९५४ साली थेट निव्हिया क्रीमवाल्यांना गाठलं. चेहऱ्याला लावायच्या मलमाचं नाव सायकलपटूच्या छातीवर! जुन्या लोकांनी नाकं मुरडली, पण दार उघडलं ते उघडलंच. कॉफीची यंत्रं बनवणारी फाएमा आली, सॉसेजवाली मोल्तेनी आली. एडी मर्क्सनं आपले बहुतेक मोठे विजय या दोन नावांखाली मिळवले. सायकलीशी काडीचा संबंध नसलेल्या मालानं सायकलीचा खेळ वाचवला. माझ्या मते या खेळाच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा क्षण आहे, टूरच्या कोणत्याही पिवळ्या जर्सीपेक्षा मोठा.

कंटेनरवरच्या नावाचा संघ याच परंपरेतला. व्हँसाँ लाव्हनू या निवृत्त स्वारानं १९९२ मध्ये तो काढला तेव्हा त्याचं नाव होतं 'शाझाल', मांसाचे पदार्थ विकणारी कंपनी. मग 'पती काझिनो', मग 'काझिनो' हे सुपरमार्केट. २००० पासून 'एजीटूआर' ही विमा-निवृत्तिवेतन संस्था, जी पुढे 'एजीटूआर ला मोंदियाल' झाली आणि जवळपास पाव शतक टिकली. मध्ये काही वर्षं सोबतीला सित्रोएन मोटारी. २०२४ मध्ये डेकॅथलॉन, आता जहाज कंपनी. एवढ्या वर्षांत या संघानं टूर द फ्रान्स एकदाही जिंकलेली नाही. २०१४ मध्ये झाँ-क्रिस्तोफ पेरो दुसरा आला, २०१६ मध्ये रोमँ बार्दे दुसरा आला. संघाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट म्हणजे स्वारांच्या तपकिरी चड्ड्या, ज्यांची टिंगल अख्ख्या युरोपानं केली. पण विमेदार वर्षानुवर्षं हप्ते भरतात, विमा कंपनीही वर्षानुवर्षं पैसे भरत राहिली, आणि संघ जगला. आज त्यांच्याकडे पॉल सेक्सास नावाचा २००६ साली जन्मलेला पोरगा आहे. त्यानं २०२५ मध्ये तरुणांची टूर द लाव्हनिर जिंकली, आणि चार दशकं टूर न जिंकलेला फ्रान्स आता त्याच्याकडे डोळे लावून बसला आहे.

याउलट एचटीसी-हायरोड या संघाची कहाणी. काही वर्षांत पाचशेच्या आसपास विजय, मार्क कॅव्हेंडिशसारखा धावता घोडा, आणि २०११ च्या अखेरीस संघ बंद. पुढचा प्रायोजक मिळाला नाही, बस्स. म्हणजे जिंकणं आणि जगणं यांचा संबंध या खेळात वाटतो तेवढा नाही. डच राबोबँकेनं तर २०१२ मध्ये, आर्मस्ट्राँग प्रकरणानं उत्तेजकांचा चिखल वर आल्यावर, हात काढून घेतला. पैसा होता, नाव नको होतं. म्हणून तो संघ काही महिने 'ब्लँको', म्हणजे कोरा, या नावानं धावला. बेल्किन, लोटो-जम्बो, जम्बो-व्हिस्मा अशी वळणं घेत तोच आज 'व्हिस्मा-लीज अ बाइक' आहे, ज्याच्या योनास व्हिंगेगोनं २०२२ आणि २०२३ ची टूर जिंकली.

या व्हिस्माची मुळं आणखी मागे खणली तर भिवंडीच्या सायकल दुकानापर्यंत पोचता येतं. तो संघ १९८४ मध्ये 'क्वांटम' या नावानं सुरू झाला, आणि क्वांटम निघाला 'टीआय-रॅले' फुटल्यावर. पीटर पोस्टच्या कडक शिस्तीतला हा टीआय-रॅले सत्तरच्या दशकातला धाक होता. १९८० ची टूर त्याच्या योप झोटेमेल्कनं जिंकली. यातलं 'टीआय' म्हणजे ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स, रॅलेची मालक ब्रिटिश कंपनी. याच कंपनीनं मद्रासच्या मुरुगप्पांशी भागीदारी करून १९४९ मध्ये टीआय सायकल्स काढली होती आणि अंबत्तूरला हर्क्युलस बनवायला घेतली होती. झोटेमेल्क पॅरिसमध्ये शिरत होता तेव्हा भिवंडीचा यंत्रमाग कामगार पाळी संपवून ज्या काळ्या हर्क्युलसवर घरी जात होता, ती नात्यानं त्याच घरातली.

मग आपल्याकडे गाडी कुठे अडली?

सुरुवात काही वाईट नव्हती. १९२३ च्या ऑक्टोबरात बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये ती पुरी करून परतले. ती शर्यत नव्हती, पण मुंबईच्या पारशी क्लबांत सायकल किती भिनली होती ते त्यातून कळतं. लाहोरचे जानकीदास १९३८ च्या सिडनी एम्पायर गेम्समध्ये उतरले, देशात सायकलिंगची संघटना बांधायला झटले, आणि पुढे मुंबईत हिंदी चित्रपटांतले चरित्र अभिनेते म्हणून ओळखले गेले. ज्यांनी त्यांना पडद्यावर पाहिलं, त्यांतल्या कितींना ही सायकल माहीत असेल?

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला भारताचा सायकल संघ गेला, त्यात आदी हवेवाला, जहांगू अमीन, रोहिंटन नोबल असे मुंबईकडचे पारशी बहुसंख्य होते. १९५२ च्या हेलसिंकीला नेताई बसाक, सुप्रोवत चक्रवर्ती अशी बंगाली नावं पुढे आली. १९६४ च्या टोकियोला अमरसिंग सोखी, दलबीरसिंग, सुच्चासिंग: पंजाब. त्यानंतर ऑलिंपिकमध्ये भारतीय सायकलपटू दिसलेला नाही. ही तीन ऑलिंपिक संघांची यादी सायकल कारखान्यांच्या नकाशाशेजारी ठेवून पाहिली की मजा येते. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स, बंगालात आसनसोलजवळ सेन-रॅले, पंजाबात लुधियाना, जिथे १९५६ मध्ये हीरो सायकल्स आली. कारखान्यांमुळेच खेळाडू घडले असा पुरावा माझ्याकडे नाही, तो दावाही नाही. पण जिथे सायकल बनते, दुरुस्त होते, स्वस्तात मिळते, तिथे शर्यत रुजते, हे युरोपात घडलं होतं. इथेही पहिला अंक तसाच झाला असावा.

दुसरा अंक वेगळा लिहिला गेला. स्कूटर इथेही आली, आणि आली ती तीच व्हेस्पा. पियाज्योच्या परवान्यावर बजाजनं ती बनवली, १९७२ पासून चेतक आली, आणि सायकलींचं शहर म्हणून मिरवणारं पुणं हळूहळू दुचाक्यांचं शहर झालं. वरळीची हिंद सायकल्स मोडकळीला आली, १९८० मध्ये सरकारनं ती ताब्यात घेऊन नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन केली, आणि तीही पुढे संपली. इटलीत नेमक्या याच वळणावर क्रीमवाला आला होता. आपल्याकडे क्रीमवाला, साबणवाला, बिडीवाला कोणी आला नाही. आली ती रेल्वे, आणि सैन्यदल.

गेली कित्येक दशकं राष्ट्रीय स्पर्धांच्या निकालात रेल्वे आणि सेनादलांची नावं वरच्या बाजूला दिसतात. जिल्हा पातळीवर चमकलेला मुलगा क्रीडा कोट्यातून रेल्वेत लागतो, त्याला पगार मिळतो, सरावाला वेळ मिळतो, गुडघा गेला तरी नोकरी राहते. हे थोडकं नाही, आणि खेड्यातल्या घराला त्यापेक्षा मोठं बक्षीस कुठलंही नाही. भारताचे खरे व्यावसायिक सायकल संघ हेच आहेत, फक्त त्यांना तसं कोणी म्हणत नाही. पण या व्यवस्थेत एक खोट आहे. रेल्वेला जर्सीवरचं नाव विकायचं नसतं. युरोपातला प्रायोजक पैशाचा मोबदला मागतो, म्हणून संघाला मोठ्या शर्यतींत दिसावंच लागतं. रेल्वेला राष्ट्रीय स्पर्धेतलं पदक पुरतं. त्यामुळे स्वार देशातल्या देशात राजा होतो आणि शंभर-दीडशे जणांच्या घोळक्यात, पावसात, उतारावर, कोपराला कोपर घासत कसं चालवायचं हे शिकायचं राहून जातं. ती विद्या सराव-यंत्रावर येत नाही.

मुंबई-पुणे शर्यत हे त्याचं आपलं उदाहरण. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी, म्हणून जुन्या रस्त्यानं खोपोलीहून बोरघाट चढायचा, आणि माथ्यावर जो पहिला पोचेल तो 'घाटाचा राजा'. हा किताब एकेकाळी घराघरात माहीत होता. वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर फोटो यायचा. टूर द फ्रान्समध्ये डोंगराच्या राजाला १९७५ पासून लाल ठिपक्यांची जर्सी मिळते, आणि त्या ठिपक्यांवरसुद्धा प्रायोजक असतो. आपल्या घाटाच्या राजाला हारतुरे मिळाले, रोख इनाम मिळालं, आणि सोमवारी तो आपल्या डेपोत किंवा युनिटात हजर झाला. १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी बालेवाडीला वेलोड्रोमही झाला. पायाभूत सोयी आल्या, करार आले नाहीत.

बाहेरचे संघ मात्र येऊन गेले. २०१० च्या आसपास सायक्लोथॉनची लाट आली तेव्हा मुंबईच्या रस्त्यांवर आंतरराष्ट्रीय शर्यती झाल्या. २०११ मध्ये इथे जिंकणाऱ्यांत एलिया व्हिव्हियानी होता, ज्यानं पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवलं. वांद्र्याला त्याला धावताना पाहिलेले लोक आजही भेटतात. लाट ओसरली, मागे टी-शर्ट राहिले. बंगळुरूत त्याच सुमाराला किनकिनीसारखे क्लब-संघ उभे राहिले, आणि तिथल्या नवीन जॉननं ऑस्ट्रेलियातल्या एका कॉन्टिनेंटल संघात जागा मिळवली. त्याचं मोल मोठं आहे, कारण तो कोट्यातून नाही, तिशीच्या आसपास स्वतःच्या हिमतीवर तिथे गेला.

महाराष्ट्रानं यादरम्यान एक वेगळीच वाट धरली, दमछाकीची. पुण्याच्या दिव्या ताटे यांनी लांब पल्ल्याच्या रँडोनी सायकलिंगला इथे रूप दिलं; पुणे ते गोवा ही डेक्कन क्लिफहँगर शर्यत त्यातूनच आली. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये दोघांचा संघ करून 'रेस अक्रॉस अमेरिका' पुरी केली, असं करणारे ते पहिले भारतीय. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरून अटलांटिकच्या बाजूला, सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या मुदतीत. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्यानं, बारा दिवसांच्या मर्यादेत संपवली. इथेही संघ असतो: मागे गाडी, गाडीत मेकॅनिक, डोळे मिटू लागले तर बोलत ठेवणारा मित्र. पण त्याला पगार नसतो. तो रजा टाकून आलेला असतो, आणि खर्च डॉक्टरांच्या कमाईतून किंवा मित्रमंडळींच्या वर्गणीतून निघतो. मला या पराक्रमाविषयी आदर आहे, तरी ही वाट मध्यमवर्गाची आहे हे म्हटलंच पाहिजे. शिराळ्याच्या किंवा कागलच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला ती परवडत नाही.

मुलींचं तर विचारूच नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पूजा दानोळेनं खेलो इंडियात महाराष्ट्राला सुवर्णपदकं मिळवून दिली. युरोपात महिलांची टूर द फ्रान्स २०२२ मध्ये नव्यानं सुरू झाली, वरच्या श्रेणीतल्या महिला संघांना २०२० पासून किमान वेतन बांधून दिलं गेलं. इथे पदकानंतरचा प्रश्न तोच: कोणत्या विभागात जागा निघणार आहे?

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या २.२ श्रेणीची, ४३७ किलोमीटरची, मुळशी-मावळ, भोर-पुरंदर, बारामती असा जिल्हा पालथा घालणारी. शेकरू हे तिचं शुभचिन्ह. तिच्यासाठी रस्ते घासूनपुसून गुळगुळीत झाले, आणि लोकांनी साहजिकच विचारलं की हे आमच्यासाठी का होत नव्हतं. जिंकला न्यूझीलंडचा ल्यूक मडग्वे, 'ली निंग स्टार' या चिनी संघाचा, म्हणजे पुन्हा एका बूट-कपड्यांच्या कंपनीचं नाव. आणि शर्यतीच्या नावाआधी शब्द होता 'बजाज'. व्हेस्पा बनवून पुण्याला सायकलीवरून उतरवणाऱ्या घराण्यानं पन्नास-साठ वर्षांनी सायकल शर्यतीला पैसा दिला. हा आपला मान्यी-निव्हियाचा क्षण ठरू शकतो. फरक एवढाच की इथे नाव शर्यतीला मिळालं, संघाला नाही. शर्यत पाच दिवसांची असते. संघाला बाकीचे तीनशे साठ दिवस जगवावे लागतात.

तसं करायला जगात नमुने आहेत. बास्क प्रांताचा युस्काल्तेल-युस्कादी संघ सभासदांच्या वर्गणीतून सुरू झाला, प्रांताच्याच मुलांना घेत राहिला, पिरिनीजचे घाट नारंगी करून टाकत राहिला, आणि २०१३ मध्ये पैशाअभावी बंद पडला; काही वर्षांनी तेच नाव पुन्हा खालच्या श्रेणीत उभं राहिलं. आपल्या भावनेला हा नमुना फार जवळचा वाटेल, आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटते. वर्गणीवर गणपती दहा दिवस चालतो. मलेशियातल्या तेरेंगानू राज्याच्या संघाचा नमुना रुक्ष आहे, पण टिकाऊ: राज्य सरकारचा पैसा, थोडे परदेशी अनुभवी स्वार, बाकी घरची मुलं, आणि आशियातल्या शर्यतींची वर्षभराची वारी. महाराष्ट्राला झेपेल असा मला हाच दिसतो, सरकारच्या जोडीला एखादी वाहतूक किंवा गोदाम कंपनी घेऊन. मार्सेयच्या कंपनीला जे कळलं ते कळायला आपल्या कंपन्यांना अडचण नसावी.

कॉन्टिनेंटल श्रेणीचा संघ म्हणजे दहा ते सोळा स्वार आणि राष्ट्रीय महासंघाकडे नोंदणी; किमान वेतनाची आंतरराष्ट्रीय सक्ती या श्रेणीला नाही, आणि नेमका तिथेच पेच आहे. रेल्वेत कायम झालेला चोवीस वर्षांचा स्वार हा संघ धरायला नोकरी सोडणार नाही, त्यानं सोडूही नये. घाटाच्या उतारावर एकदा कॉलरबोन मोडलं की दीड-दोन महिने गेले, आणि प्रायोजकानं त्याच वर्षी हात आखडला तर पुढचं आयुष्यही गेलं. म्हणून ज्याला कोणाला हा संघ काढायचा असेल, त्यानं जर्सीचा रंग, शेकरू की वाघ, हे सगळं पुढे ढकलावं. पहिलं काम रेल्वे बोर्डाच्या दारात आहे: स्वाराला दोन हंगामांची बिनपगारी रजा, ज्येष्ठता शाबूत, आणि अपघात विम्याचा हप्ता संघाच्या खात्यातून.